पिकअप झटके मारते तेव्हा

बाजार समितीच्या आवारात पहाटे रांगेत उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या, तर दहा-पंधरा वर्षे राबलेल्या बोलेरो पिकअप आणि टाटा २०७ अजूनही भरपूर दिसतात. डिझेल इंजिन, हाताने टाकायचे गिअर, मागे कमानपाटे, असा त्यांचा साधा संसार. वय झाले की या गाड्यांची एक तक्रार हमखास सुरू होते. एक्सलरेटर दाबला की गाडी सरळ वेग घेत नाही, झटके खात पुढे जाते. कुणी म्हणते मिसिंग मारते, कुणी म्हणते पिकअपच नाही, तर कुणी म्हणते गाडी हुंदके देते.

ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलो की दोन उत्तरे पटकन मिळतात. ‘पंप गेला’ किंवा ‘क्लच बसला’. दोन्ही कामे महाग आहेत आणि दोन्ही निदाने कधीकधी खरीही असतात. पण माझे स्पष्ट मत असे, की झटका इंजिनातून येतो की इंजिनाच्या मागून, हे ठरल्याशिवाय कोणताही महागडा भाग उघडू देऊ नये. हे ठरवायला मोकळा रस्ता, एक सोबती आणि थोडा धीर पुरतो. यंत्राची माहिती असलीच पाहिजे असे नाही.

सुरुवात वहीपासून करा. झटका नेमका कधी येतो ते दोन-तीन दिवस टिपून ठेवा. जागेवरून गाडी हलवताना येतो, की चालत्या गाडीत? पाय उचलून पुन्हा दाबला तेव्हाच येतो, की चढावर सतत? रिकाम्या गाडीला येतो, की फक्त भरलेल्या? इंजिन थंड असताना, की तासभर चालल्यावर? टाकी अर्ध्याच्या खाली गेल्यावर? आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: तक्रार सुरू होण्याच्या आधी गाडीचे कोणते काम झाले होते? डिझेल फिल्टर बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी झटके सुरू झाले असतील, तर संशयाची सुई फिल्टरच्या जोडाकडेच वळते.

आता गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. इंजिन गरम झाले की हळूहळू रेस वाढवा आणि मध्यम वेगावर धरून ठेवा. आवाज एकसारखा राहायला हवा. उभ्या गाडीतच इंजिन अडखळत असेल, आवाज वर-खाली होत असेल, तर गिअरबॉक्स आणि शाफ्टचा यात संबंध नाही. दोष इंजिनाच्या बाजूला, म्हणजे डिझेल, हवा किंवा वायरिंगमध्ये आहे.

इथे बरेच जण फसतात. न्यूट्रलमध्ये इंजिन छान चालले की ‘इंजिन ओके’ म्हणून मोकळे होतात. पण बोजा नसताना इंजिनाला डिझेल फारच थोडे लागते. अर्धवट तुंबलेल्या फिल्टरमधूनही तेवढे सहज येते. तेच इंजिन हापूसच्या पेट्या भरून आंबा घाट चढू लागले की डिझेल कमी पडते आणि हुंदके सुरू होतात. म्हणून उभ्या गाडीत इंजिन अडखळले तर इंजिन दोषी, एवढेच म्हणता येते. अडखळले नाही म्हणून ते निर्दोष ठरत नाही.

पुढची चाचणी रस्त्यावरची. रहदारी नसलेला सरळ रस्ता निवडा. समजा झटके ताशी ४० किलोमीटरला येतात. तिसऱ्या गिअरमध्ये ४० गाठा आणि लक्ष द्या. मग चौथ्या गिअरमध्ये त्याच ४० वर या. दोन्ही गिअरमध्ये झटका त्याच वेगाला येत असेल, तर तो चाकांच्या फिरण्याशी जोडलेला आहे. म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या अॅक्सलला ताकद नेणारा दांडा), त्याचे क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वळते सांधे) किंवा चाके यांच्याकडे पाहायचे. गिअर बदलल्यावर झटक्याचा वेगही बदलत असेल आणि इंजिनाचा आवाज एका ठरावीक पट्टीला पोहोचला की मगच झटका येत असेल, तर मूळ इंजिनाकडे आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नसतो. कानाने अंदाज घ्या, तेवढा पुरतो.

ही चाचणी करताना एक सवयही तपासा. भरलेली गाडी चौथ्या गिअरमध्ये ताशी पंचवीसवर आणून एक्सलरेटर दाबला, तर धडधाकट गाडीही थडथडते. तो दोष गाडीचा नसतो. डिझेल वाचवण्याच्या नादात मोठा गिअर लवकर टाकणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि त्याने डिझेल वाचत नाही, क्लच आणि माउंटिंग मात्र झिजते.

रोख इंजिनाकडे असेल तर आपली गाडी कोणत्या जातीची आहे ते आधी ओळखा. जुन्या गाड्यांत पूर्णपणे यांत्रिक पंप असतो. तो प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या पोलादी नळीने डिझेल पाठवतो. नंतरच्या गाड्यांत कॉमन रेल असते, म्हणजे एकाच जाड नळीत जबर दाबाने डिझेल साठवले जाते आणि कोणत्या सिलिंडरला किती द्यायचे ते संगणक ठरवतो. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागत असेल, तर आपली गाडी बहुधा दुसऱ्या जातीची.

कॉमन रेलच्या नळीत दाब १,००० बारच्याही पुढे जातो. भरलेल्या टायरमध्ये तो जेमतेम चार-पाच बार असतो. म्हणून चालू इंजिनावर या नळीचा नट कधीही सैल करू नका. सुईच्या टोकाएवढ्या फटीतून निघालेली धार कातडीच्या आत शिरते आणि तसे झाले तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते, जखम कितीही छोटी दिसली तरी. यांत्रिक पंपावर एकेका नोझलचा नट सैल करून कोणता सिलिंडर मेला आहे ते शोधायची जुनी पद्धत आहे. ती अनुभवी मिस्त्रीलाच करू द्या, आणि कॉमन रेलवर त्यालाही करू देऊ नका.

डिझेलच्या मार्गातले पहिले ठिकाण म्हणजे टाकीचे झाकण. टाकीतून डिझेल जाते तसतशी त्या जागी हवा आत यावी लागते. झाकणातले किंवा टाकीवरच्या नळीतले हवेचे भोक चिखलाने बुजले, तर टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल ओढले जात नाही. गाडी तासाभराने झटके देऊ लागते, थोडा वेळ उभी केली की पुन्हा नीट चालते. पुढच्या वेळी झटके सुरू झाले की बाजूला थांबून झाकण सैल करा. ‘सुस्स’ असा आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुधारली, तर रोग सापडला. खर्च जवळपास काहीच नाही.

दुसरे ठिकाण पाणी. डिझेल फिल्टरच्या तळाशी बहुतेक गाड्यांत एक छोटी चकती किंवा स्क्रू असतो, तो पाणी काढायचा. स्वच्छ बाटली खाली धरून थोडे डिझेल काढा आणि काही मिनिटे ती बाटली स्थिर ठेवा. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाला वेगळा थर दिसेल. पावसाळ्यात, किंवा हंगामात पिंपात साठवलेले डिझेल हातपंपाने भरणाऱ्यांच्या गाड्यांत हा थर नेहमी सापडतो. एकदा काढून भागत नाही. पुन्हा पुन्हा पाणी येत असेल तर टाकी उतरवून धुवावी लागते.

तिसरे ठिकाण म्हणजे फिल्टर. तो कधी बदलला हे आठवत नसेल, तर फार तपास न करता बदलून टाका. बदलताना जुनी रबरी रिंग चिकटून राहिलेली नाही ना, ते बोट फिरवून पाहा. जुन्या रिंगवर नवी रिंग बसली की जोड कधीच घट्ट बसत नाही. मग सुरू होते ते चौथे आणि सगळ्यांत फसवे दुखणे: हवा धरणे.

हवा धरणे जरा सावकाश समजून घेऊ. टाकीपासून फीड पंपापर्यंत, म्हणजे डिझेल ओढून पुढे देणाऱ्या छोट्या पंपापर्यंत, नळीत दाब नसतो, ओढ असते. भोक पडलेल्या स्ट्रॉने उसाचा रस प्यायला गेलो तर रस बाहेर सांडत नाही, तोंडात नुसती हवा येते. इथेही तसेच. या भागात जोड सैल झाला किंवा रबरी नळीला चीर पडली, तरी चालत्या गाडीत डिझेल गळत नाही, आत हवा शिरते. म्हणून ‘कुठेही गळती नाही’ हे उत्तर इथे उपयोगाचे नाही. ओला डाग शोधणारा माणूस या दोषाजवळून रोज जातो आणि त्याला तो दिसत नाही.

हवा शिरली की ओळखायचे कसे? सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ लागतो, सुरू झाल्यावर आवाज वर-खाली होतो, रेस दिली की इंजिन क्षणभर दम सोडते आणि पुन्हा उचलते. खात्री करायची तर फिल्टरच्या आधीच्या रबरी नळीच्या जागी डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी बसवून घ्या. इंजिन चालू ठेवून पाहा. सुरुवातीला चार बुडबुडे दिसतील, ते जाऊ द्या. पाच मिनिटांनंतरही बुडबुड्यांची माळ सुरूच असेल, तर हवा नळीच्या मागच्या बाजूने, म्हणजे टाकीकडून येत आहे.

आता मागची बाजू वगळून पाहायची. टाकीची नळी काढून तिच्या जागी स्वच्छ डिझेलच्या डब्यातून नळी जोडतात. डबा पक्का बसवलेला आणि इंजिनाच्या गरम भागांपासून लांब हवा, गाडी उभी हवी. डब्यावर बुडबुडे थांबले, तर टाकीतली ओढनळी, तिच्या टोकाची गाळणी आणि चॅसिसलगतची नळी तपासा. बुडबुडे थांबले नाहीत, तर डबा आणि पारदर्शक नळी यांच्या मधलाच एखादा जोड दोषी आहे. नळीत बुडबुडे अजिबात नसून इंजिन मात्र हवा धरल्यासारखे वागत असेल, तर फिल्टरची रिंग, बोल्टांखालचे तांब्याचे वॉशर आणि गाडीतल्या हातपंपाचा झडप-भाग पाहा. तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की चपटे होतात. जोड उघडला की वॉशर नवीन टाकायचे, हा नियमच करा. पाच-दहा रुपयांच्या वॉशरसाठी पंप उतरवला गेल्याची उदाहरणे गॅरेजवालेच हसत सांगतात.

जोड घट्ट केल्यावर आत अडकलेली हवा काढावी लागते. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू थोडा सैल करा, हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग एकसंध डिझेल. पंप मारणे न थांबवता स्क्रू बंद करा. पंप थांबवून स्क्रू आवळला की हवा परत आत जाते. एवढ्याच चुकीमुळे ‘एअर काढली तरी फरक नाही’ असे ऐकू येते.

हवेची बाजू लवकर उरकते. एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा. उजेड दिसत नसेल तर तो गेला. टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड रबरी नळ्या इंजिन बंद आणि थंड असताना हाताने दाबून, वाकवून पाहा. खालच्या बाजूची चीर वरून दिसत नाही. नळी फाटली असेल तर चढावर फुसकारल्यासारखा आवाज, काळा धूर आणि मरगळलेली ओढ अशी तीन लक्षणे एकदम येतात. धुराचा रंग एरवीही सांगत असतो. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. गरम इंजिनातून पांढरा म्हणजे बहुधा एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल न जळता बाहेर पडते आहे. निळा म्हणजे ऑइल जळते आहे.

एक्सलरेटरची केबलही विसरू नका. इंजिन बंद ठेवून पेडल अगदी सावकाश दाबा. ते मध्येच अडकून मग एकदम सुटत असेल, तर झटका इंजिन देत नाही, केबल देते. कॉमन रेलच्या गाडीत केबलऐवजी पेडलखाली सेन्सर असतो, म्हणजे पाय किती दाबला हे संगणकाला कळवणारा विजेचा भाग. तो झिजला की पेडलच्या एका ठरावीक जागीच झटका येतो. अशा गाडीत पिवळा दिवा पेटला असेल तर स्कॅनर लावून घ्या. स्कॅनरवर आलेला कोड म्हणजे ‘हा भाग बदला’ असा हुकूम नव्हे. कोणत्या वायरच्या वाटेवर गडबड आहे एवढेच तो सांगतो. शेताच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली वायर आणि गंजलेली अर्थची पट्टी आधी पाहावी, मग सेन्सरची किंमत विचारावी. याच गाड्यांत धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व काजळीने अडकतो आणि कमी वेगाला धक्के देतो. साफ केल्यावर तो पुष्कळदा सुधारतो.

एवढे सगळे पाहूनही झटके राहिले, तर नोझल आणि पंपाची पाळी येते. तेव्हासुद्धा दोन्ही टेस्ट बेंचवर लावून आधी अहवाल मागा. नोझल किती दाबाला उघडतो, फवारा बारीक पडतो की धार सुटते, हे आपल्यालाही डोळ्यांनी पाहता येते. चांगला पंपवाला ते दाखवायला नाही म्हणत नाही.

आता जागेवरून निघतानाच्या थरथराटाकडे येऊ. क्लच सोडताना गाडी उड्या मारत निघाली की क्लच प्लेटचे नाव घेतले जाते. प्लेटवर ऑइल आले, फ्लायव्हील जळून तिच्यावर निळे डाग पडले, प्रेशर प्लेटची बोटे खाली-वर झाली, तर असे होते, हे खरे. पण क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्याआधी दोन गोष्टी बाहेरूनच पाहता येतात.

पहिली गोष्ट माउंटिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतात ते. बोनेट उघडे ठेवा, जाणत्या माणसाला गाडीत बसवा. ब्रेक घट्ट दाबून त्याने पहिला गिअर टाकावा आणि क्लच किंचित सोडून लगेच दाबावा. मग रिव्हर्समध्ये तसेच करावे. आपण बाजूला उभे राहा, गाडीच्या पुढे किंवा मागे मुळीच नाही. इंजिन थोडे हलणारच, पण एका बाजूने उचलले जात असेल, ठोका देऊन परत बसत असेल, तर ठोकळा फाटला आहे. इंजिन डोलले की केबल आणि क्लचची जोडणीही ताणली जाते आणि झटका दुप्पट होतो.

दुसरी गोष्ट मागच्या कमानपाट्यांचे यू-बोल्ट. ते सैल झाले की ताकद येताच अख्खा अॅक्सल जागेवर वळतो आणि गाडी उसळते. बोल्टाच्या बुडाशी रंग उडून चमकणारी खूण दिसली, तर तिथे हालचाल होते आहे. यू-बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळून घ्या.

क्लच घसरणे हे वेगळे दुखणे आहे. त्यात रेस वाढते, पण गाडी वाढत नाही. मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, चौथा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले पाहिजे. चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदाच करा, कारण प्रत्येक वेळी प्लेट जळते. पेडलला वरच्या बाजूला थोडी मोकळी चाल आहे ना, तेही पाहा. ती संपली असेल तर नवी प्लेटही घसरते.

शेवटी प्रोपेलर शाफ्ट. पाय उचलून पुन्हा एक्सलरेटर दाबला की खालून ‘ठक्क’ असा आवाज आणि एकच धक्का, ही त्याची खूण. गाडी सपाटीवर, इंजिन बंद, चावी खिशात, चारही चाकांना पुढून-मागून दगड. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून खाली जा आणि शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवा. सगळा शाफ्ट किंचित फिरला तर ती डिफरन्शिअलमधल्या दातांची नेहमीची सैल जागा असते. मात्र क्रॉसच्या एका बाजूचा काटा हलतो आणि दुसरा स्थिर राहतो असे दिसले, तर क्रॉस गेला. त्याच्या वाट्यांभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडल्या आहेत. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचे रबरही पाहून घ्या.

क्रॉस बदलताना होणारी एक चूक अनेक महिने त्रास देते. शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही टोकांच्या फ्लँजवर आणि सरकत्या जोडावर छिन्नीने किंवा रंगाने खूण करायला सांगा. सरकता जोड दातांवर वेगळ्या जागी बसला की दोन टोकांचे काटे एका रेषेत राहत नाहीत, आणि नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरत राहते. मग पुन्हा दोष क्लचवर जातो.

मिस्त्रीकडे जाताना वही सोबत न्या आणि एका वेळी एकच काम करून घ्या. तीन भाग एकदम बदलले आणि झटके थांबले, तर कोणत्या भागाने थांबले ते कधीच कळत नाही. बदललेला जुना भाग मागून घ्या. ‘पंप थोडा वाढवून देतो’ असे कुणी म्हटले तर नम्रपणे नको म्हणा. त्याने काळा धूर वाढतो, झटक्याचे मूळ तसेच राहते.

बाकी दोषांना चार दिवस थांबता येते, दोनांना नाही. एक्सलरेटरची केबल अडकत असेल किंवा शाफ्टचा क्रॉस हलत असेल, तर त्या दिवशी गाडीत माल भरू नका. चालत्या गाडीत शाफ्टचे पुढचे टोक सुटून रस्त्यात रुतले, तर गाडी उलटू शकते.